एकेका गुंठ्याने

२०२५मध्ये तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकायला असलेली कायद्याची मनाई, शिथिल करण्याची घोषणा झाली. तेव्हापासून पुण्याजवळच्या आमच्या मांजरी गावाकडच्या मंडळींचं एकच पालुपद चालू आहे: एकेका गुंठ्याने शेती थोडीच बुडते? हे वाचलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बुडते! आणि ते कुणालाही घरबसल्या बघता येतं.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटर भरतो, म्हणजे जवळजवळ एक गुंठाच. २०१५पासूनची ही चित्रं फुकट मिळतात. फक्त एका महिन्याच्या चित्रावर भरवसा ठेवायचा नाही. एप्रिलमध्ये नांगरून तापत ठेवलेलं रान आणि मुरूम टाकलेलं प्लॉटिंग सारखंच दिसतं. खरीप बघायचा, रब्बी बघायची. वर्षभरात कधीच हिरवं न होणारं रान गेलं समजायचं. मांजरीत असे ठिपके आधी रस्त्याला चिकटून उमटले, मग मधल्या उसात घुसले. पाट बुजले की मागच्याच्या रानाला पाणी पोचत नाही, मग तोही विकायला काढतो. २०२१मध्ये मांजरी बुद्रुकसह २३ गावं पुणे महापालिकेत आली, पण शेतं त्याच्या कितीतरी आधीपासून जात होती.

मी राहतो त्या कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २०२२मध्ये सरकारने ग्रीनबेल्टमधले, म्हणजे बांधकामापासून राखून ठेवलेल्या पट्ट्यातले, ७,४०० एकर बिल्डरांसाठी मोकळे केले. कुठले तुकडे, हे नकाशावर सगळ्यांसमोर होतं. लोक उठले, मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला आणि २०२३मध्ये सरकारने निर्णय फिरवला. आपल्याकडे तर आधी बांधा, मग नियमित करून घ्या.

"दादा, तुझं मिल्टनचं घर कशावर उभंय?" चुलतभावाने विचारलं.

मक्याच्या शेतावर. खोटं कशाला बोलू? ते घेताना मला काहीच वाटलं नाही, कारण ते रान माझ्या कुणाचं नव्हतं. पंधरा मिनिटांवर ४०१ हा महामार्ग, पोरांची शाळा जवळ, एवढंच पाहिलं. मांजरीचा एक ठिपका करडा झाला की मात्र रात्री झोप लागत नाही. वडिलांच्या मागे तिथल्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलंय. विक्रीच्या कागदावर माझी सही हवी असते, तेव्हा मी कुणाला लांबचा वाटत नाही. मग नियमित करण्याआधी गेल्या दहा वर्षांचा नकाशा तलाठ्याच्या भिंतीवर लावा, एवढं म्हटल्यावर मी परका कसा होतो?