बाल्कनीच्या जाळीतून थेट नासर्डीत

नाशिकच्या नासर्डी नदीला वास येतो म्हणून पुलावर नाक दाबायचं, आणि घरी वॉशिंग मशीनचा पाइप बाल्कनीच्या जाळीत सोडून मोकळं व्हायचं! अहो, ती जाळी पावसाच्या पाण्यासाठी आहे. ते पाणी शुद्धीकरण केंद्रात जात नाही. पावसाळी गटारातून नाल्यात, तिथून नासर्डीत आणि टाकळीला गोदावरीत. कपडे धुण्याच्या काही पावडरींमध्ये फॉस्फेट असतं, म्हणजे पाणवेलींना आयतं खत. मग पाणवेली वाढल्या म्हणून बोंब मारायलाही आपणच पुढे.

तपासणं किती सोपं आहे! कोरड्या दिवशी बादलीभर पाण्यात चमचाभर खायचा रंग कालवून जाळीत ओता, खाली चेंबरची झाकणं उघडून बघा. रंग पावसाळी चेंबरमध्ये आला, तर प्लंबरकडून मशीनचा पाइप बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीला) जोडून घ्या. सोसायटीत एकाने करून भागत नाही, सगळ्या मजल्यांचं बघायला हवं.

आणि ते निर्माल्य नदीत टाकायचं, तेही गाठ मारलेल्या पिशवीसकट! फुलं कुजतात, पिशवी रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी अडकते, मागे पाणी तुंबतं. गाठ सोडा, दोरे-फोटो बाजूला काढा, फुलं घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात द्या. फरशीचा राडारोडा रात्री काठावर ओतणाऱ्यांना तर काय म्हणावं? पात्र अरुंद होतं आणि पुराचं पाणी काठच्या घरांत शिरतं.