चंद्र बघून हरणांचा माज ठरत नाही

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या शिकाऱ्यांमध्ये एक चांद्रपंचांग फिरू लागतं. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: सप्टेंबरच्या विषुवदिनानंतरची दुसरी पौर्णिमा आली की पांढऱ्या शेपटीची हरणं माजावर येतात. पौर्णिमेला ती रात्रभर चरतात, म्हणून दिवसा दिसत नाहीत. नारिंगी जाकीट पाहून ती बिथरतात. आणि नेमका आठवडा सापडला की आपलं मचाण सोडायचं नाही. (भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय जवळजवळ मिटला. अमेरिकेत मात्र हरणांची संख्या आटोक्यात ठेवायचं ते मुख्य साधन आहे, आणि परवाना काढून कुणालाही रानात जाता येतं.)

पहिला दावा तपासायला जंगलातही जावं लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. 2023 मध्ये ही ‘दुसरी पौर्णिमा’ 28 ऑक्टोबरला, म्हणजे कोजागरीला आली. 2024 मध्ये ती 15 नोव्हेंबरला, त्रिपुरीला आली. अधिक महिन्याची सवय असलेल्या आपल्याला यात नवल वाटत नाही, पण हरणांनी हे पंचांग पाळायचं म्हटलं तर पंचाईत आहे. मादी साधारण 200 दिवस गाभण राहते. तेव्हा 2024 ची पाडसं मेच्या मध्यावर आणि 2025 ची जूनच्या पहिल्या आठवड्यात जन्मायला हवी होती. तसं होत नाही. पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनच्या (त्या अमेरिकी राज्याच्या वन्यजीव खात्याच्या) जीवशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे रस्त्यावर गाड्यांखाली मेलेल्या माद्यांच्या पोटातले गर्भ मोजले आणि त्यावरून मागे मोजत गर्भधारणेची तारीख काढली. चंद्र कुठेही असो, माजाचा भर दर वर्षी नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपासच सापडतो.

कारण उघड आहे. उत्तरेत पाडस लवकर जन्मलं तर आईला हिरवा चारा पुरत नाही. उशिरा जन्मलं तर बर्फ पडायच्या आत अंगावर चरबी चढत नाही. हजारो हिवाळ्यांनी ही तारीख घासूनपुसून नक्की केली आहे, आणि ती ओळखायची खूण म्हणजे लहान होत जाणारा दिवस. रात्र वाढली की मेंदूतली ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक जास्त वेळ सोडते आणि पुढचं चक्र फिरू लागतं.

याहून पक्का पुरावा हवा असेल तर न्यूझीलंडकडे पाहा. 1905 साली न्यू हॅम्पशायरमधली काही हरणं तिथल्या स्टुअर्ट बेटावर नेऊन सोडली. त्यांचे वंशज आज एप्रिल-मेमध्ये, म्हणजे तिथल्या शरद ऋतूत माजावर येतात. चंद्र तोच, विषुवदिनही तोच, पण दिवसाची लांबी उलटी. पंचांगवाल्यांनी या बेटाचा खुलासा केलेला माझ्या तरी वाचनात नाही.

मग एवढ्या लोकांना अनुभव का येतो? कधीकधी ती पौर्णिमा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते आणि त्या दिवसांत नर तसेही माद्यांच्या मागे धावत असतात. शिवाय ‘आज नक्की’ म्हटल्यावर रानात माणसंही जास्त जातात आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बसून राहतात. मग हरणं जास्त दिसली यात चंद्राचा काय हात?

चांदण्याच्या दाव्यात निदान तर्क तरी आहे. पण ओक्लाहोमात जीपीएस पट्टे बांधलेल्या हरणांच्या हालचाली मोजल्या तेव्हा चंद्राच्या कलांचा परिणाम नगण्य निघाला. हरणं सर्वांत जास्त हिंडली ती झुंजूमुंजू होताना आणि तिन्हीसांजेला. पौर्णिमा आहे म्हणून पहाटेची झोप घेणाऱ्याने फक्त पहाट घालवली.

नारिंगी जाकिटाचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. 1992 मध्ये जॉर्जिया विद्यापीठात भूल दिलेल्या हरणांच्या डोळ्यांवर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश पाडून दृष्टिपटलाचा प्रतिसाद नोंदवला गेला. आपल्याकडे रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, हरणाकडे दोनच: एक निळ्याला जागणारी, दुसरी हिरव्या-पिवळ्याला. आपल्या डोळ्यात भरणारा नारिंगी रंग त्याला पाचोळ्यातून वेगळा काढता येत नाही. निळा मात्र चांगला दिसतो, आणि त्याच्या डोळ्यातलं भिंग अतिनील किरणही आपल्याइतके अडवत नाही. म्हणजे काळजी करायचीच तर निळ्या जीन्सची करावी, किंवा निळसर चमक चढवून कपडे ‘उजळ’ करणाऱ्या साबणाची. पेनसिल्व्हेनियात बंदुकीच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच नारिंगी कापड बंधनकारक आहे. ते हरणासाठी नाही, समोरच्या झाडीतल्या दुसऱ्या बंदूकवाल्यासाठी आहे.

राहिला मचाण न सोडण्याचा सल्ला. या पंचांगातला सर्वांत महागात पडणारा भाग हाच. दक्षिण कॅरोलायनात वयात आलेल्या नरांना पट्टे बांधून, कोणत्या मचाणावर माणूस कधी बसला याच्या नोंदींशी त्यांच्या वाटा ताडून पाहिल्या. एखाद्या मचाणावर जितकं जास्त बसावं, तितके नर दिवसाउजेडी बंदुकीच्या टप्प्यातून जाणं टाळत. पुन्हा तिकडे फिरकायला त्यांना साधारण तीन दिवस लागत. रात्री मात्र तिथूनच खुशाल जात. म्हणजे ‘बार उडाला की मोठा नर मुलूख सोडतो’ ही तक्रारही खरी नाही. तो तिथेच असतो, फक्त दिवसा दाट झुडपात नाहीतर माणूस चढत नाही अशा उतारावर बसून असतो. हाताशी दोन-तीन मचाणं ठेवून आलटून पालटून बसायचं, वारा आपल्याकडून हरणाच्या वाटेकडे वाहत असेल त्या दिवशी तिथे पाऊलच टाकायचं नाही, आणि एकदा बसलेली जागा तीन-चार दिवस मोकळी सोडायची. एवढं करायला पौर्णिमेची तारीख लागत नाही.