डबा म्हणे नेटवर्कचा, आत नुसत्या चार तारा

डोकं सणकलंय माझं. लॅमिंग्टन रोडवर दुकानादुकानात फिरा आणि लॅनच्या (नेटवर्कच्या) केबलवरून चालणारा यूएसबी एक्स्टेंडर, म्हणजे यूएसबी लांबवर नेणारी डब्यांची जोडी मागा. पुढ्यात काय टाकतात, तर आगपेटीएवढे दोन प्लॅस्टिकचे तुकडे. बॉक्सवर मोठ्या अक्षरात 'नेटवर्क एक्स्टेंडर', खाली 'क्रिस्टल क्लिअर साउंड'. घरी आणून उघडला. आत चिप नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, काही म्हणजे काही नाही. यूएसबीच्या चार तारा उचलून थेट लॅनच्या जॅकच्या पिनांना सोल्डर केल्यात, बस्स. ह्याला नेटवर्क म्हणायचं? ही शुद्ध फसवणूक आहे.

माणूस ही वस्तू घ्यायला का येतो, हे तरी विचारा की! मुंबईतलं घर, आतल्या खोलीत कॉम्प्युटर, हॉलमध्ये डॅक (डिजिटल डेटाचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा) आणि अ‍ॅम्प्लिफायर. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच, आणि लॅनची १०० मीटर जाते. पण लांबीचं सोडा, खरा छळ वेगळाच आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायची आणि ग्राफिक्स कार्डची सगळी घाण यूएसबीच्या ग्राउंडच्या तारेतून आणि ५ व्होल्टच्या तारेतून डॅकमध्ये उतरते. त्यात कॉम्प्युटर एका सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या, म्हणजे दोन्हीकडच्या ग्राउंडच्या तारा जुळून होणारं वेटोळं, ग्राउंड लूप, तयारच. रात्री रहदारी जरा थांबल्यावर विलंबित ख्याल लावावा, तर तानपुऱ्याखाली ५० हर्ट्झची घरघर. गायक समेवर येऊन क्षणभर थांबतो, आणि त्या जागेत मला ऐकू काय येतं? माऊस हलवला की होणारी किरकिर! संताप होतो हो. त्या शांततेसाठीच तर ऐकतो आपण.

यावर खरा नेटवर्कवाला एक्स्टेंडर चालतो, आणि का चालतो तेही सरळ आहे. कॉम्प्युटरकडचा डबा यूएसबीचा डेटा पॅकेटमध्ये भरून पाठवतो, पलीकडचा डबा तो उघडतो आणि स्वतःच्या अडॅप्टरवरून डॅकला ५ व्होल्ट देतो. मध्ये इथरनेटच्या पोर्टमधले छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल चुंबकातून पलीकडे जातो, तांब्याला तांबं लागत नाही. इथरनेटच्या ८०२.३ या स्टँडर्डमध्येच १५०० व्होल्टचं आयसोलेशन, म्हणजे दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणं, मागितलंय. लूप तिथे तुटतो. फायदा आहे तो हा. लॅनच्या केबलमधून गेल्याने गाणं गोड होतं, बास भरतो, असं सांगून महागड्या केबली गळ्यात मारणारे वेगळेच लुटारू. असिंक्रोनस डॅक कॉम्प्युटरच्या नाही, स्वतःच्या क्लॉकवर (घड्याळावर) चालतो, त्याला केबलच्या किमतीशी काय देणंघेणं?

आणि हा चार तारांचा डबा? ग्राउंड सरळ आरपार! लूप तुटायचा राहिला बाजूला, उलट आणखी लांब झाला. शिवाय यूएसबीवरून ऑडिओ पाठवताना चुकलेला डेटा पुन्हा मागवला जात नाही. लांब तारेत सिग्नल मेला की स्पीकरमधून टक्, टक्. म्हणजे पैसे देऊन घरघर ठेवली ती ठेवली, वर टकटक विकत आणली.

बरं, जे खरंच चिप घालतात तेही धड सांगत नाहीत. बॉक्सवर 'यूएसबी २.०', आत वेग सेकंदाला १२ मेगाबिटचा, ४८० चा नाही. आणि तसं छापायला नियमाने आडकाठी नाही, हे तर आणखी डोक्यात जातं! १२ मध्ये स्टिरिओ गाणं २४ बिट ९६ किलोहर्ट्झ दर्जापर्यंत कसंबसं बसतं, १९२ हवं असेल तर ४८० मेगाबिटवालाच लागतो. हे गिऱ्हाइकाने स्वप्नात ओळखायचं का?

वर काउंटरवरचा मुलगा मानभावीपणे म्हणतो, "शिल्डेड केबल घ्या साहेब, भारी असते." अरे, दोन्ही टोकांना धातूचं कवच जोडलं की ट्रान्सफॉर्मरने तोडलेलं ग्राउंड त्या कवचातून पुन्हा जुळतं! इथे साधी, बिनकवचाची केबल पाहिजे. रोज विकतोस ना तू हे?

परत करायला गेलो. आयसोलेशन कुठेय, विचारलं. मालक म्हणाला, "आवाज येतोय ना? मग?" वर भिंतीवरच्या पाटीकडे बोट, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. बॉक्सवर खोटं छापून विकलेला मालसुद्धा? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात स्पष्ट लिहिलेली आहे. उघडलेल्या डब्याचे फोटो काढलेत, पक्कं बिल जपून ठेवलंय, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करणार आहे. तुमच्याही गळ्यात असला डबा मारला असेल तर तुम्हीही करा, आजच करा.