अमेरिकन यादवीतल्या सैनिकांची पत्रं आणि तो फॉरवर्ड

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, बऱ्याच जणांना आला असेल. वर अमेरिकन यादवी युद्धातल्या मेजर सुलिवन बलूने बायकोला लिहिलेल्या पत्राचं भाषांतर आणि खाली ‘शाळेत न शिकवलेली सत्यं’. ती अशी की सैनिक बहुतेक अडाणी शेतकरी होते त्यामुळे पत्रं दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, छावणीत रोज लढाई, मेले ते गोळीने मेले, लष्कर प्रत्येक पत्र उघडून वाचायचं, आणि शेवटचं म्हणजे या पत्रांत गुलामगिरीचा उल्लेखच नाही, त्यामुळे युद्ध गुलामगिरीवरून झालंच नव्हतं, भाऊ भाऊ लढले बिचारे. पत्र खरं आहे. खालचं जवळजवळ सगळं चूक आहे, आणि शेवटच्या मुद्द्याने तर लाखो माणसं इतिहासातूनच पुसली जातात, म्हणून एवढं लांब लिहितेय.

आधी अडाणीपणाचं. हे १८६१ ते १८६५ चं युद्ध आहे, देशातून फुटून निघालेली दक्षिणेची गुलामगिरीवाली राज्यं एका बाजूला आणि देश एक ठेवू बघणारी उत्तर दुसऱ्या, आणि त्या काळात उत्तरेच्या गोऱ्या सैनिकांपैकी साधारण ९० टक्के आणि दक्षिणेच्या ८० टक्क्यांच्या आसपास लोकांना लिहिता-वाचता येत होतं. जगातल्या तोपर्यंतच्या सगळ्यात साक्षर फौजा म्हणतात त्यांना. स्पेलिंगच्या चुका भरपूर, विरामचिन्हांचा पत्ता नाही, बोलतात तसं लिहिलेलं, पण स्वतःच्या हाताने लिहिलेलं. ज्यांना खरंच शिकू दिलं नव्हतं ते वेगळे, त्यांच्यावर खाली येते.

रोज लढाई? छे. महिनोन्‌महिने काहीच व्हायचं नाही. हिवाळ्यात तर सैन्य एका जागी मुक्काम ठोकायचं, झाडं तोडून लाकडी खोपट्या बांधायचे, वर तंबूचं कापड, धुराड्याला माती-काटक्या नाहीतर रिकामं पिंप, आणि ते पिंप मधूनच पेट घ्यायचं. दिवसभर ड्रिल, मग लाकडं आण, पाणी आण, पहारा दे, परत ड्रिल. खायला हार्डटॅक म्हणजे पीठ-पाण्याचं दगडासारखं बिस्किट, ते कॉफीत बुडवलं की आतले किडे वर तरंगायचे, ते काढून टाकायचे आणि प्यायची कॉफी. संध्याकाळी पत्ते, गाणी, बर्फ पडला की बर्फाचे गोळे मारत अख्ख्या पलटणी एकमेकांवर धावून जायच्या. आणि पत्रं. गुडघ्यावर फळी नाहीतर ताट ठेवून लिहिलेली. मोजे पाठव, लोणी पाठव, तिकिटं पाठव, गाय विकू नकोस, पगार अजून आलेला नाही, धाकटा चालायला लागला का, माझ्या पत्राला उत्तर का नाही. बहुतेक पत्रं अशीच आहेत आणि मला ती बलूच्या पत्राइतकीच मोलाची वाटतात. बलू वकील होता, ऱ्होड आयलंडच्या विधानसभेचा सभापती राहिलेला, त्याने १४ जुलै १८६१ ला ते लिहिलं, आठवड्यात बुल रनच्या लढाईत जखमी झाला आणि काही दिवसांत गेला. पत्र त्याने पोस्टात टाकलंच नव्हतं, सामानात सापडलं. सुंदर आहे, पण त्या एका पत्रावरून वीस-तीस लाख माणसांचं मन सांगता येत नाही.

गोळीने मेले हेही चूक. जुना आकडा ६ लाख २० हजार मृत्यूंचा, नवा अंदाज साडेसात लाखांच्या घरात जातो, आणि जुन्या हिशोबात दर तिघांतले दोन आजाराने गेलेत. जुलाब, हगवण, टायफॉइड, गोवर. खेड्यातून आलेली पोरं, लहानपणी गोवर झालेला नाही, एकदम हजारो माणसांत येऊन पडली, संडासचे खड्डे पाण्याच्या जवळ, मग काय होणार. पत्रांतही हेच दिसतं, शेजारच्या तंबूतला अमका काल गेला, लढाई न बघताच.

सेन्सॉरचा मुद्दा लोक पहिल्या महायुद्धावरून उचलतात. या युद्धात छावणीतून घरी जाणारी सैनिकांची पत्रं सरसकट तपासत नव्हते. युद्धकैद्यांची तपासायचे, आणि उत्तर-दक्षिण टपाल १८६१ लाच बंद झालं होतं त्यामुळे सीमा ओलांडणारी थोडी पत्रं उघडी द्यावी लागायची, एकच पान, फक्त घरगुती मजकूर. बाकी सैनिक जनरलला शिव्या घालत, अन्नाला शिव्या घालत, सैन्य कुठे आहे तेही लिहीत, गावचे पेपर ही पत्रं छापत. उलट सरकारने सोय केली होती, तिकीट नसेल तर पाकिटावर ‘सैनिकाचं पत्र’ असं लिहून अधिकाऱ्याची सही घ्यायची, पैसे घरचे पत्र सोडवताना भरायचे.

आता शेवटचा मुद्दा. उल्लेख नाही म्हणता? दक्षिणेचे अधिकारी छावणीत स्वयंपाकाला, घोड्यांना, कपडे धुवायला घरचे गुलाम घेऊन जायचे आणि त्यांची नावं पत्रांत असतात, घरच्या गुलामांना निरोप असतात, कोणाला कामाला लाव, कोण पळून गेला. इतिहासकार जेम्स मॅकफर्सन यांनी हजारभर सैनिकांची पत्रं आणि डायऱ्या वाचल्या, त्यात दक्षिणेच्या साधारण २० टक्क्यांनीच गुलामगिरी टिकवायची म्हणून लढतोय असं उघड लिहिलंय, पण एकानेही तिला विरोध केलेला नाही. त्यांचं म्हणणं असं की ज्यावर आपसात वादच नाही ते कशाला लिहितील, आणि मला ते शंभर टक्के पटतं. उत्तरेकडे राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या १८६३ च्या घोषणेवरून, म्हणजे बंड केलेल्या राज्यांतले गुलाम मुक्त अशी ती घोषणा, पत्रांत अक्षरशः भांडणं आहेत, काही जण लिहितात मी देश एक ठेवायला आलो, काळ्यांसाठी नाही, आणि काही जण दक्षिणेतले मळे डोळ्यांनी बघून बदललेले दिसतात.

आणि फॉरवर्डवाल्यांनी ज्यांची पत्रं मोजलीच नाहीत ते काळे सैनिक, पावणेदोन लाखांच्या वर. यातले कितीतरी कालपर्यंत गुलाम होते, दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत त्यांना अक्षर शिकवणं गुन्हा होता, आणि अनेक जण सैन्यात आल्यावर छावणीतच शिकले. मिझुरीचा स्पॉट्सवुड राइस, स्वतः गुलाम असलेला, १८६४ मध्ये भरती झाला. सप्टेंबरात सेंट लुइसच्या लष्करी दवाखान्यातून त्याने आपल्या मुलींना लिहिलं की जीव गेला तरी चालेल पण तुम्हाला सोडवणार. मुली अजून गुलामच होत्या, कारण लिंकनची घोषणा मिझुरीला लागू नव्हती. त्याच दिवसांत त्याने मुलीच्या मालकिणीलाही पत्र लिहिलं. तिने त्याच्यावर स्वतःचीच मुलगी चोरायला बघतो असा आरोप केला होता. राइसने लिहिलं, मेरी माझी मुलगी आहे, देवाने मला दिलेली, तुम्ही तिला जितके दिवस अडकवाल तितके दिवस नरकात जळाल. ही पत्रं आज वाचायला मिळतात कारण मालकिणीच्या घरातलाच गावचा पोस्टमास्तर चिडला आणि या माणसाला राज्याबाहेर काढा म्हणून ती लष्करी अधिकाऱ्याकडे पाठवली, ती सरकारी कागदांत राहिली.

किंवा ५४व्या मॅसॅच्युसेट्स या काळ्या सैनिकांच्या पलटणीतला कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, काळ्याला १०, त्यातले ३ कपड्यांचे कापून. त्याने २८ सप्टेंबर १८६३ ला थेट लिंकनला पत्र टाकून विचारलं की आम्ही सैनिक आहोत की मजूर. त्याच्या पलटणीने कमी पगार घ्यायलाच नकार दिला होता, घरी बायकापोरं उपाशी असताना. जून १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, समान पगाराचा कायदा केला.

हे युद्ध कशावरून झालं हे आपल्याकडे तेव्हाच कळलेलं होतं. मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यात फक्त अमेरिकेचा कापूस अडल्याने होणारा आपला फायदा दिसला, पण जोतीराव फुल्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना जे दिसलं ते दीडशे वर्षांनी मराठीतच फॉरवर्ड करून झाकायचं, हे मला सहन होत नाही. बलूचं पत्र पाठवा, जरूर पाठवा. खालची ‘सत्यं’ काढा आणि त्या जागी राइसने मुलींना लिहिलेलं टाका.