डायना मॉडेल ६ या एअर पिस्तुलाच्या दुरुस्तीबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय आणि तो एक तारा काल रात्री पाहिला. तीन आठवड्यांचा वायदा करून सात आठवडे लावले, मधले दोन फोन घेतले नाहीत, ही चूक माझीच. माफ करा.

पण ‘हलकं सील घातलं, पहिल्याच बाराला धूर निघाला, एकदाही चालवून न बघता पाठवलं’ हे वाचून फार वाईट वाटलं. चालवून न बघता? पेटीत झाकणाच्या आतल्या बाजूला टार्गेटचं कार्ड चिकटवलं होतं. त्यावरची पाच भोकं तुमच्याच पिस्तुलाची आहेत, एका नाण्याखाली झाकतील अशी. त्याआधी पन्नासेक छर्रे मारून पिस्टनवरचं, हवा अडवणारं नवीन सील बसवून घेतलं होतं. धूर नव्हता, वासही नव्हता.

तुम्ही परत पाठवलेलं पिस्तूल मी खोललं. सिलिंडरमधून तेल अक्षरशः ओघळलं. पुढच्या सीलची कड काळी पडून फाटली आहे. फोनवर तुम्हीच म्हणालात, पिस्तूल कोरडं वाटलं म्हणून हवेच्या भोकातून घरातलं मशीनचं तेल सोडलं. साहेब, पिस्टन सुटला की समोरची हवा क्षणात दाबली जाते आणि इतकी तापते की असलं तेल पेट घेतं, डिझेल इंजिनात घेतं तसंच. धूर त्याचा होता. आम्ही सीलला मॉलिब्डेनम ग्रीसचा नुसता हात लावतो तो याचसाठी.

उशिराचंही सांगतो. ही गिस पद्धतीची रचना. एकाच वेळी दोन पिस्टन उलटसुलट दिशेने सुटतात, म्हणून हाताला धक्का बसत नाही. फाइनवर्कबाउ ६५ या दुसऱ्या एअर पिस्तुलात वरचा सगळा भाग रुळांवर मागे सरकतो, ते काम त्यामानाने सोपं. इथे दोन्ही पिस्टन दातेरी चाकांनी जोडलेले, एक दाता चुकला तरी सगळं पुन्हा खोलायचं. मी तीनदा खोललं. मूळ सील तर वयाने विरघळून तपकिरी चुरा झाली होती, तो काडीने कोरून काढण्यातच दोन संध्याकाळी गेल्या. हे सगळं तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं, ते राहिलं. यापुढे तारीख देताना जास्त काळजी घेऊ, फोनचंही काहीतरी करतो.

पुढचं सील बदलून देतो, मजुरी घेणार नाही. स्प्रिंग तपासली, ती शाबूत आहे. तोवर दुसरं कुठलं जुनं पिस्तूल हाताशी असेल तर छर्रा न घालता चाप ओढू नका, पिस्टन पुढे जाऊन थेट आपटतो.

तारे वाढवा असं म्हणत नाही. उशिराबद्दल लिहिलंत ते राहू द्या. फक्त ‘चालवून न बघता’ एवढं वाक्य कार्ड एकदा बघून काढता आलं तर काढा.