‘मांजर घरात घेण्याआधी हे वाचा’: वाचलं, आता माझं ऐका

आषाढातल्या एका रात्री नेरुळच्या आमच्या सिडकोच्या बिल्डिंगमध्ये एक भाटी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आली आणि आमच्या चपलांच्या रॅकवर अंग चाटत बसली. त्याला आता पाच आठवडे झाले. ती आत येत नाही, आम्ही आत घेत नाही. दोन्हीकडे विचार चालू आहे. तेवढ्यात तो मेसेज येऊन पडला: ‘मांजर घरात घेण्याआधी हे वाचा, दहा जणांना पाठवा.’ एकाच दिवशी मला तो चौघींनी पाठवला, त्यातली एक माझी सख्खी बहीण. प्रत्येकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहिते.

‘मांजराचा एक केस पोटात गेला की दमा होतो.’ केस जातो पोटात आणि दमा होतो फुप्फुसात, त्यामुळे हे वाक्य तिथेच बसलं. ॲलर्जी मात्र खरी आहे, फक्त ती केसाची नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलग्रंथींत फेल डी १ नावाचं प्रथिन असतं. अंग चाटताना ते केसांवर बसतं, वाळतं आणि हवेत उडतं. ज्याला ते सोसत नाही त्याला शिंका येतात, डोळे खाजतात, आधीचा दमा असेल तर बळावतो. घरात असं कोणी असेल तर आधी मांजरवाल्या घरी दोन-चार तास बसून बघावं. आमचे हे दोन रविवार सानपाड्याला मित्राच्या बोक्याशेजारी पत्ते खेळत बसले. शिंक एकही आली नाही. पत्त्यांत हरले, त्याचा दोष बोक्याला देता येत नाही.

बहिणीने मेसेज पाठवला तो दुसऱ्या मुद्द्यासाठी. ‘गरोदर बाई असलेल्या घरात मांजर असेल तर गर्भ टिकत नाही.’ भाचीला पाचवा महिना आहे, म्हणून यावर नीट बोलायला हवं. ही भीती अगदीच हवेतली नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी आहे आणि त्याची अंडी तयार होतात मांजराच्याच आतड्यात. गरोदरपणात त्याची पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला इजा होऊ शकते, गर्भपातही होऊ शकतो. मेसेज इथे थांबतो, आणि कामाचं सगळं याच्या पुढे आहे. मांजर या परजीवीची अंडी आयुष्यभर टाकत नाही. पहिल्यांदा लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडे विष्ठेतून टाकतं. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे शीचा ट्रे रोजच्या रोज दुसऱ्या कोणी साफ केला की मोठा धोका गेला. मांजर मांडीवर बसल्याने हा आजार होत नाही. माणसांना तो बऱ्याचदा होतो अर्धकच्च्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून, कुंड्यांतल्या मातीत हात घालून. भाची गच्चीवर रोज मोगऱ्याची माती उकरते, त्याबद्दल आमच्या ताईने अजून एकही मेसेज पाठवलेला नाही. ट्रेला भाचीने हात लावायचा नाही, मातीत हातमोजे घालायचे, आणि मनात शंका असेल तर डॉक्टरांना रक्ततपासणीचं विचारायचं.

मेसेजमध्ये मांजर बाळाच्या जिवावर उठतं असंही आहे. सहाव्या दिवशी आपण जिच्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवतो ती सटवाई, म्हणजे षष्ठी. बाळाची राखण करणाऱ्या या देवीचं बंगालात वाहन काय, तर मांजर.

‘कुत्रा माणसाचा, मांजर घराचं.’ ऐकायला छान. अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठात २०१९ साली मांजराच्या पिल्लांना मालकापासून दोन मिनिटं दूर ठेवून पाहिलं. मालक परत आल्यावर जवळपास दोन तृतीयांश पिल्लं त्याच्याजवळ येऊन निवांत झाली. तान्ह्या मुलांसाठी वापरतात त्याच धर्तीची ही चाचणी.

‘दूध-भात घाला, मांजराला दुसरं काही लागत नाही.’ यावर माझाही विश्वास होता, कारण देवगडला आजीकडची मांजरं दूधभातावरच जगायची. आता कळतं, ती जगत होती उंदीर, पाली आणि बांगड्याच्या डोक्यांवर. दूधभात हा वरचा मान होता. मोठ्या मांजरांतल्या बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात. टॉरिन नावाचं द्रव्य त्यांना मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये उंदीर कुठून आणणार?

‘एकदा तरी पिल्लं झाल्याशिवाय ऑपरेशन करू नये.’ असा काही नियम नाही. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते आणि दोन महिन्यांत विते. पहिल्या माजाआधी ऑपरेशन केलं तर स्तनातल्या गाठींचा धोकाही बराच कमी होतो. आमच्या पाहुणीच्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं आहे. ग्रुपवर कोणीतरी त्याला अपशकुन म्हणालं. ती ऑपरेशन करून सोडलेल्या मांजराची खूण असते. आमच्या आधी कोणीतरी हिच्यासाठी पिंजरा लावला, गाडीभाडं दिलं, टाके भरेपर्यंत सांभाळलं.

सगळ्यात राग आला तो शेवटच्या सल्ल्याचा. ‘नको झालं तर मासळीबाजारात सोडा, पोट भरतं.’ मी दर रविवारी दिवाळे गावात मासळी आणायला जाते. तिथल्या प्रत्येक पाटीखाली एक मांजर असतं आणि ती जागा त्याचीच असते. नवीन आलेलं गाड्यांखाली दबून बसतं, फाटलेले कान आणि चिकटलेले डोळे घेऊन. घरात वाढलेल्याला तर मारामारीही येत नाही. उपासमार होईल अशा जागी प्राणी सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये! तेवढ्यात आता फार तर दोन वडापाव येतात.

सोसायटी ठराव करून बंदी घालेल, ही धमकीही मेसेजमध्ये आहे. पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचना मुख्यतः कुत्र्यांबद्दल आहेत, पण त्यांत म्हटलंय की बहुमतानेही बंदी घालता येत नाही.

घाबरवायचंच होतं तर खरं लिहायचं. मांजरालाही रेबीज होतो. ओरखडा आला तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुऊन इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा. मांजराला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस, मग दरवर्षी. आपल्यासाठीची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. खिडक्यांना जाळी हवी, कारण कबुतर दिसलं की मांजर मजला मोजत नाही. आणि ती पंधरा वर्षं जगू शकते, म्हणजे मी तोवर साठीच्या पुढे.

जाळीवाला शनिवारी माप घ्यायला येतोय. अडलंय ते गणपतीवर: आठ दिवस आम्ही देवगडला. समोरच्या काकूंना विचारलं, मेसेज पाठवणाऱ्या चौघींतल्याच त्या. म्हणाल्या, ‘घरात घेणार नाही हो मी. रॅकवर वाटी ठेवीन.’