चौघं, फुल्ल टाकी आणि नागपूर

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) चार सीटचं सेस्ना घ्या, टाकी फुल्ल करा, मोबाइलवर सरळ रेघ मारा, साडेतीन तासांत चौघं नागपुरात. लहान विमानाला परवानगीची भानगडही नाही." माझ्या मामेभावानं तो मला पाठवून विचारलं, "दादा, तू उडवायला शिकलायस, हे खरं काय?" नाही, खरं नाही.

आधी वजन. सेस्ना १७२ एस जास्तीत जास्त ११५७ किलोनं उडू शकतं. त्यातलं विमानाचं स्वतःचं वजन साधारण ७६५. म्हणजे माणसं, बॅगा, इंधन सगळं मिळून ३९० किलो. टाकीत वापरता येईल असं २०० लिटर, त्याचे १४४ किलो. उरले २४६. पंचाहत्तर किलोची चार माणसंच ३०० होतात, वर बॅगा आणि कुंद्याचे डबे! चौघांना बसवायचं तर इंधन ९० किलो, म्हणजे १२५ लिटरवर आणावं लागतं. तासाला ३४ लिटर धरलं तर ते तीन तास चाळीस मिनिटं पुरतं.

आता ती सरळ रेघ. सोलापूर, लातूर, नांदेडच्या जवळून जाते, सुमारे ४०० नॉटिकल मैल (साधारण ७४० किलोमीटर). ११० नॉटनं (तासाला ११० नॉटिकल मैल) तीन तास अडतीस मिनिटं. वारा शून्य धरला तरी नागपूरला टाकी कोरडी! हिवाळ्यात ईशान्येचा २० नॉटचा वारा नाकावर आला की वेळ साडेचार तासांच्या घरात जाते. शिवाय दिवसा निदान अर्ध्या तासाचं राखीव इंधन लागतंच.

"वाटेत भरून घेऊ" असं कुणी म्हणेल. पण या इंजिनाला ॲव्हगॅस (लहान विमानांचं खास पेट्रोल) लागतं, जेटचं एटीएफ (केरोसिनसारखं इंधन) नव्हे, आणि ॲव्हगॅस प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. कुठं मिळेल ते निघण्याआधी फोन करून ठरवावं लागतं. शिकताना आमचे सर इंधनाच्या काट्यावर विश्वास ठेवू देत नसत. पंखावर चढून टाकीत पट्टी बुडवायची, खालून थोडं इंधन काचेच्या भांड्यात काढून उजेडात धरायचं. निळं दिसलं तर १०० एलएल ॲव्हगॅस, तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर पुन्हा काढायचं. हे मला आजही फार मोलाचं वाटतं.

परवानगीचं तर साफ खोटं आहे. फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो, एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर घ्यावे लागतात. उपकरणांवर नव्हे तर बाहेर बघून, नजरेनं उडणाऱ्याला सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपलीकडे एरवी मुभा नाही, त्यामुळे दुपारी उशिरा निघालात तर वाटेतच उतरावं लागेल.

एप्रिलच्या दुपारचंही सांगतो. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर. पारा ३५ वर असला की हवा विरळ होते आणि विमानाला ते ५५०० फुटांवर असल्यासारखं वाटतं, चढ मंदावतो. म्हणून नागपूरला जायचंच तर दोघं, हलक्या बॅगा, आणि सकाळी ऊन चढायच्या आत.